मामांना झोपेचं औषध

मामा, तुम्हाला झोपेचं औषध द्यायचं की नाही, यावरून आपल्या घरात गेला अख्खा पावसाळा भांडणं चालली होती. तुम्हाला जाऊन आता बारा-तेरा वर्षं झाली, तेव्हा हे ऐकून तुम्ही मिशीवरून हात फिरवणार आणि म्हणणार, "काय गं, कंपनीची हवा डोक्यात गेली व्हय?" नाही गेली. जरा टेकून बसा, सगळं सांगते. तुम्हाला नात झाली आहे. चार पूर्ण होऊन पाचवं लागलं तिला. तुम्ही गेलात तेव्हा मी या घरात सून म्हणून तशी नवीच होते, आणि ती आली तेव्हा भांडगावच्या माझ्या माहेरच्या बायांनी "काही गोड बातमी?" असं विचारायचंसुद्धा सोडून दिलं होतं. तुमच्या लेकानं सगळ्या राहू गावात पेढे वाटले. मुलगी झाली तर बर्फी वाटतात, असं मिठाईवाला सांगायला गेला, तर त्याच्याच तोंडात पहिला पेढा कोंबला. आणि घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत आम्हाला कळून चुकलं की ही पोरगी झोपत नाही.

तान्ही लेकरं जागतात, रडतात, हे मलाही माहीत होतं. पण हिचं तसं नव्हतं. ही रडायची नाही. डोळे टक्क उघडे ठेवून आढ्याकडं बघत पडायची, लांब कुठं कुत्रं भुंकलं की मान तिकडं वळवायची, आणि सगळं ठीक आहे अशी खात्री झाली की परत आढ्याकडं. आत्याबाई तिला बघायला आल्या, तिच्याशेजारी बसल्या, बराच वेळ न्याहाळत राहिल्या आणि एकदम पदर डोक्यावरून पुढं ओढून म्हणाल्या, "आगं बया! माघारी आलं की ह्ये!" आता तुमचं नाव त्यांनी तुम्ही असताना कधी तोंडातून काढलं नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. तर तेव्हापासून त्यांनी नातीचंही नाव घ्यायचं टाकलं. "ह्यांनी दूध पिलं का?" "ह्यांना उन्हात न्हेऊ नगं." दोन वर्षांची तुमची नात नागडी उघडी अंगणात पळतेय, आणि तिची आजी तिच्या समोरून जाताना पदर सावरून भिंतीच्या कडेनं चाललीय! मला हसू आवरायचं नाही. शेजारपाजारच्या बाया तर मुद्दाम बघायला यायच्या.

आणि तुमचे चिरंजीव? डिप्लोमा झालेला माणूस, कंपनीत मशीन सांभाळतो, हाताखाली पोरं आहेत. त्यानं राहूला जाऊन वावराच्या बांधावर तिला कडेवर घेऊन विचारलं, "आबा, औंदा कांदा लावू का?" ती म्हणाली, "नाय." ती तेव्हा सगळ्यालाच "नाय" म्हणायची, भाताला, आंघोळीला, आईला. पण यानं कांदा लावला नाही, आणि त्या वर्षी कांद्याला कुत्रं विचारेना. झालं! त्या दिवसापासून ही पोरगी म्हणजे तुम्हीच, यावर शिक्कामोर्तब झालं. मी काही बोलायला गेले की दोघं मायलेक माझ्याकडं असे बघायचे की जणू मी तुमचाच अपमान केलाय.

त्यांना तरी किती दोष देऊ? आपल्या घरात जागं असणं म्हणजे मोठेपणा. तुमचे वाडवडील मेंढरं घेऊन गावोगाव फिरायचे, आणि रात्री जो जागा तो खरा माणूस. मुक्कामाला सगळे गाढ झोपलेले, तुम्ही दहा वर्षांचं पोर तेवढे जागे, लांडगा आला आणि तुम्ही बोंब ठोकून कळप वाचवलात, ही गोष्ट मी माझ्या लग्नाच्या मांडवातच दोनदा ऐकली होती. पुढं मेंढरं विकली, भीमेच्या पाण्यावर ऊस उभा राहिला, लांडगा गेला आणि बिबट्या आला, पण तुमची जाग काही गेली नाही. आजूबाजूच्या वस्तीवरचे लोक निवांत झोपायचे. "आबा जागं हायेत," म्हणायचे. एवढ्या कौतुकाच्या गोष्टीला आजार म्हणणारी मी कोण?

पण मामा, मला एक माहीत होतं जे त्यांना माहीत नव्हतं. तुम्हाला आठवतं का, माझ्या लग्नाच्या पहिल्या वर्षी शिरूरहून पाहुणे आले होते? मी चहा फिरवत होते. नवी सून, चार माणसांत गोड बोलून दाखवायची हौस. म्हटलं, "आमच्या मामांना झोप म्हणून लागत नाही, बिबट्यासुद्धा त्यांना विचारून वस्तीवर येतो!" सगळे खो खो हसले. तुम्हीही हसलात. पाहुणे गेले, मी भाकरीचं पीठ मळायला बसले, आणि तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे. एरवी तुम्ही तिकडं फिरकत नव्हता. "सूनबाई," तुम्ही म्हणालात, "पाव्हण्यांम्होरं ह्ये कौतुक पुन्यांदा करायचं न्हाई." माझे हात पिठातच थांबले. तोवर तुम्ही मला कधी आवाज चढवून बोलला नव्हता. तेव्हाही चढवला नाहीत, पण मला रडूच फुटलं. मग तुम्ही पाट ओढून बसलात. "आगं, रडू नगं. मला झोप येत न्हाई, त्यात कौतुक कसलं? राखनदार म्हनत्यात. कुनी येक इचारत न्हाई, का रं बाबा, तुला झोपावं वाटतं का? मला लई वाटतं. दुपारचं सावलीला कुत्रं पसरल्यालं दिसलं ना, तर मला त्या कुत्र्याचा हेवा वाटतो बघ."

मी विचारलं, दवाखान्यात जाऊ या का? तर तुम्ही एवढं हसलात की आत्याबाई अंगणातून "काय झालं?" म्हणून ओरडल्या. "जागं राहायचं आवशद आसतं एकवेळ. झोपायचं आवशद मागाया गेलो तर लोकं म्हनतील, म्हातारा कामातनं गेला." मग म्हणालात, तुझ्या आत्याला यातलं काही बोलू नकोस, तिला वाटेल तिचंच काही चुकतंय. तव्यावरची पहिली भाकरी मिठाच्या खड्याबरोबर खाल्लीत आणि उठून गेलात. ती भाकरी माझी करपली होती, तेही तुम्ही बोलला नाहीत.

त्याच वर्षी तुम्ही मला कंपनीत पाठवलंत. बाईमाणसानं शिफ्टला जायचं का, यावर भावकी जमून बोलत होती, आणि तुम्ही शिरूरच्या बाजारातून मला मोठी बॅटरी आणून दिलीत, चार सेलची. "उजेड घिऊन जायाचं. आन् कवाबी माघारी ये, दार उघडायला मी हायेच जागा." खरंच, मला कधी कडी वाजवावी लागली नाही. तुम्ही गेल्यावर दार उघडणारं कोणी उरलं नाही, म्हणून आम्ही कारेगावात खोली घेतली. हे मी तुमच्या लेकालाही कधी नीट सांगितलं नाही, तो समजतो कंपनी जवळ पडते म्हणून.

तर तुमची नात. बाळ होती तोवर चाललं, तिला सांभाळायला आत्याबाई आमच्याकडं कारेगावात येऊन राहिल्या होत्या, पण बालवाडीत जायला लागली आणि रंग दिसायला लागले. सकाळी तिला अंथरुणातून उपसून काढावं लागायचं, कारण पहाटे कुठं तिचा डोळा लागलेला असायचा. दुपारी खिचडीच्या ताटावर बसल्या बसल्या झोपायची. एकदा तशीच पुढं पडली, ताटाची कड कपाळाला लागली, आणि बाईंनी मला फोन केला. मी लाईनवरून सुटी टाकून धावत गेले, तर ही कपाळाला हळद लावून बसलेली आणि केसांत भाताची शितं. घरी आल्यावर चिडचिड, चावणं, खेळणी फेकणं. वजन वाढेना. डोळ्यांखाली काळं. मी तपासणीच्या टेबलावर सुटे भाग हातात घेऊन बघते, चांगला कुठला आणि वाया गेलेला कुठला, ते माझं काम. आणि माझ्याच डोळ्यांपुढं भाग एकाचे दोन दिसायला लागले होते. पोर कोमेजत चाललंय हे मला दिसत होतं. आत्याबाईंना मात्र त्यात तुम्ही दिसत होता.

शेजारची बिहारची वहिनी मला म्हणाली, "दीदी, खाँसीवाला सिरप पिला दो, मस्त सोएगी। हम तो सबको पिलाए हैं।" तिनं बाटलीही आणून दिली. खोटं कशाला बोलू, ती बाटली मी झाकण काढून हातात धरली होती. मग वाटलं, खोकला नाही आणि खोकल्याचं औषध कसं पाजायचं? बाटली परत दिली. आत्याबाईंनी जायफळ उगाळून चाटवलंच होतं, पण तेही "ह्यांना जरा बरं वाटंल" एवढ्यापुरतंच. शेवटी मी एका रविवारी पोरीला आणि आत्याबाईंना रिक्षात घातलं आणि शिरूरच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडं गेले. कडक बाई आहेत, पण पोरांशी गोड. त्यांनी विचारलं, दिवसभर काय काय खाते, पिते? मी सांगायच्या आत आत्याबाई म्हणाल्या, "दिवस बुडायच्या वक्ताला च्या लागतो त्यांना. बशीत. जरा कडक."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणाला?"

"ह्यांना," आत्याबाईंनी पदर सावरत नातीकडं बोट दाखवलं.

मामा, मला जमीन दुभंगली तर बरं असं झालं! मी कामावर, लेक कामावर, आणि माझ्या पाठीमागं रोज तिन्हीसांजेला ही पोरगी तुमच्या जुन्या बशीतून कडक चहा फुर्र फुर्र ओढत होती, कारण तुम्हाला त्या वेळी चहा लागायचा. मग डॉक्टरीणबाईंनी एकेक काढायला सुरुवात केली. चहा बंद. जायफळ बंद, तेही जास्त झालं तर पोराला बाधतं. मोबाईल बंद. बाप दुसऱ्या पाळीहून उशिरा येतो आणि पोरीला उठवून खेळवतो, ते बंद. रोज एकच वेळ, दिवा बारीक, गोष्ट, अंथरूण. रक्त तपासलं, त्यात लोह कमी निघालं, त्याचं औषध दिलं. दीड-दोन महिने आम्ही हे सगळं इमानेइतबारे केलं. फरक पडला, नाही असं नाही. चावणं थांबलं. पण झोप लागायला अजूनही तास न् तास जायचे. अंधारात ती माझा हात धरून पडायची आणि मध्येच विचारायची, "आई, झोप कुठून येते?"

परत गेलो. तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता थोड्या दिवसांसाठी एक औषध देऊन बघू. अंधार पडला की माणसाच्या मेंदूत एक द्रव्य आपोआप तयार होतं, ते शरीराला झोपायची वेळ सांगतं. हिचं ते उशिरा तयार होत असावं. तेच आपण बाहेरून थोडंसं द्यायचं, झोपायच्या आधी, ठरलेल्या वेळी. हे गुंगीचं औषध नाही, पण खेळणंही नाही. मी सांगितल्याशिवाय थेंबभर वाढवायचं नाही, दर पंधरवड्याला मला दाखवायचं, आणि बाकीचे नियम आहेत तसेच चालू. नीट समजावून सांगितलं बाईंनी.

आणि घरी आल्यावर भांडण पेटलं. "झोपंचं आवशद? ह्यांना?" आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या. "जित्तेपनी कवा सुई टोचून घेतली न्हाई त्यांनी. मेल्यावर तरी मानसाला सुखानं जगू द्या गं!" मी म्हटलं, "आत्या, ही माझी पोरगी आहे, ती मेलेली बिलेली नाही!" तर त्या रुसून राहूला निघून गेल्या. तुमचे चिरंजीव मध्ये उभे. मला म्हणायचे, तुझं बरोबर आहे. फोनवर आईला म्हणायचे, तुझं बी बरोबर हाय. मी म्हटलं, तू आधी ठरव तू कोणाचा लेक आहेस, तुझ्या आईचा का ह्या पोरीचा! पण मामा, रागानं बोलत होते तरी आतून मीच टरकले होते. औषधाची बाटली आणून कपाटात वरच्या फळीवर ठेवली होती आणि रोज बघून कपाट लावत होते. एवढ्याशा जिवाला झोपेचं औषध! कंपनीच्या बसमध्ये बाया बोलतात, कामाला जायला मिळावं म्हणून पोरांना गुंगवतात काही आया. मी त्यातली होणार का? तिला काही झालं तर मी कुठं तोंड दाखवू? डॉक्टरीणबाईंचं सगळं पटलेलं, आणि हात काही पुढं होईना. मला आपल्या घरातल्या मोठ्या माणसाचा होकार हवा होता, आणि तुम्ही तर नव्हतात.

म्हणून पुढच्या सुट्टीला पोरीला घेऊन राहूला गेले. आत्याबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. माझ्याशी बोलत नव्हत्या, पण नातीसाठी शेंगदाणे सोलून बाजूला ठेवत होत्या. मी समोर बसले, शेंगा हातात घेतल्या आणि तुम्ही त्या दिवशी पाटावर बसून बोललात ते सगळं सांगून टाकलं. कौतुक करू नको म्हणालात ते, कुत्र्याचा हेवा वाटतो म्हणालात ते. तुम्हाला दिलेला शब्द मोडला. मला वाटलं आता त्यांना वाईट वाटणार, चाळीस वर्षांच्या संसारात मला सांगितलं नाही म्हणून रडतील. आत्याबाईंनी आणखी दोन शेंगा फोडल्या आणि म्हणाल्या, "मला काय ठावं न्हाई व्हय? शेजारीच व्हते की मी. कूस पालटायचं, उठायचं, पानी प्यायचं, पुन्यांदा पडायचं. मी आपली झोपल्याचं सोंग करून ऱ्हायची. मी बी जागी हाय आसं कळलं आसतं तर जीवाला लावून घेतलं आसतं त्यांनी." मग एकदम हसल्या. "आन् च्या मागितला आसता, ते येगळंच!"

आम्ही दोघी हसलो, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तेवढ्यात तुमची नात ओसरीच्या खांबाला टेकून बसल्या जागी पेंगायला लागली, मान एकदा इकडं पडतेय, एकदा तिकडं. आत्याबाई तिच्याकडं बघत राहिल्या. "दमलंय गं लेकरू," त्या म्हणाल्या. त्यांनी तिला पहिल्यांदाच लेकरू म्हटलं होतं. "दे तिला आवशद. त्यांचं राहून गेलं त्ये राहून गेलं. कुनी दिलंच न्हाई त्यांना." आणि त्यांनी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि चक्क नावानं हाक मारली. पोरगी दचकली, आजीला आपलं नाव माहीत आहे हेच तिला माहीत नव्हतं.

औषध सुरू झालं. लगेच काही जादू झाली नाही, पण हळूहळू झोपेची वेळ अलीकडं सरकत आली. डॉक्टरीणबाईंनी बघून बघून ते कमी केलं आहे, आणि बहुतेक उन्हाळ्यात बंद करू म्हणतात. वजन वाढलंय. बालवाडीत दुपारभर जागी असते, त्यामुळे बाई आता वेगळ्याच तक्रारी करतात, फार बोलते म्हणून. आत्याबाई तिला पाठीत धपाटा घालतात, केस ओढून वेणी घालतात, आणि ती त्यांना उलट बोलते. तुमचे चिरंजीव एकदा सवयीनं "आबा, ऊस कधी तोडायचा?" म्हणाले, तर आत्याबाईंनी त्यांनाच झापलं, "पोरीला काय इचारतो? कारखान्याला इचार!"

हे पत्र कुठं पाठवायचं हा प्रश्नच नाही, तुमच्याकडं कुठला पोस्टमन येणार? बसमध्ये लिहितेय, डब्याच्या पिशवीत राहील. पण एक गोष्ट राहिली. ती तुमच्या लेकाला सांगितली नाही, आत्याबाईंना नाही, डॉक्टरीणबाईंना तर मुळीच नाही. औषध लागू पडलं त्या पहिल्याच संध्याकाळी ती माझ्याशी बोलता बोलता झोपली. अर्ध्या शब्दात. हाताची मूठ उघडली, तोंड थोडं उघडं. चार वर्षं जे बघायला मी तरसले होते ते माझ्या मांडीवर पडलं होतं, आणि मला एकच भीती, ही पुन्हा उठेल ना? नाकाखाली बोट धरलं. श्वास लागत होता. पायाला गुदगुल्या केल्या, पाय हलला. तरी मला धीर धरवेना. शेवटी, मामा, मी तिला खांद्याला धरून गदागदा हलवून उठवलं. तिनं एक डोळा कसाबसा उघडला, माझ्याकडं रागानं बघितलं आणि म्हणाली, "आई, झोपू दे की गं मला."